चावी काढल्यावर

साहेब, फिटनेस तपासणीत तुम्ही बॉनेट न उघडताच त्या गाडीला मेलेली ठरवलंत. ‘चावी काढली तरी इंजिन चालू राहते, भंगारात काढा,’ असा शेरा मारून मोकळे! त्याच सालची काळी गाडी मात्र नुसती चकाकी बघून पास केलीत.

पहिली गाडी मेकॅनिक पोरीच्या वडिलांची. ते गेले त्या दिवसापासून हे सुरू झालं. तिने कार्बन खरवडला, प्लग बदलले, बॅटरीसुद्धा काढून बघितली. तरी चावी काढल्यावर इंजिन धडधडायचंच... झोपलेलं माणूस श्वास घेतं तसं.

काळी गाडी घड्याळजीची. दोघांची गाठ तुमच्याच खिडकीपाशी पडली. तो पासचा कागद न्यायला आलेला, ती भांडायला.

“चढावर शर्यत होऊन जाऊ दे,” ती म्हणाली. “हरलात तर माझी गाडी सरस असं साहेबांना लिहून द्यायचं.”

“माझी हरायची नाही. तारीख बघून ऑइल बदलतो.”

“आणि चालवता कधी?”

“रविवारी... पुसून झाल्यावर.”

“म्हणजे गाडी नाही, नवरी सांभाळताय!”

तो कानापर्यंत लाल झाला.

सकाळी चढावर दाट धुकं. काळी गाडी अर्ध्यातच तापून वाफा सोडत थांबली. पोचे पडलेली, पण दर महिन्याला व्हॉल्व्ह हाताने जुळवलेली तिची गाडी माथा गाठून परत आली. तिने शेजारी लावली, चावी काढली. धडधड सुरूच.

घड्याळजीने बॉनेटला कान लावला. “बिघाड असता तर ठोका चुकला असता. हा एकही चुकत नाही.”

तेवढ्यात काळी गाडीही सुरू झाली. चावी त्याच्या खिशात, आत कुणी नाही. ठोका तोच. काचेवरची वाफ कुणीतरी आतून पुसल्यासारखी हळूच सरकली...

“घाबरलात?” त्याने विचारलं.

“छे! फक्त तुमची बाही सोडवत नाहीये.”

“खरं ते सगळं लिहून दिलं तर माझीही भंगारात जाईल.”

तरीही त्याने बॉनेटवरच कागद ठेवून लिहिलं — ‘हिची गाडी माझ्या गाडीपेक्षा सरस. दोन्ही चावीशिवाय चालतात. न्यायच्या तर दोन्ही न्या.’

“वेडा आहेस तू,” ती म्हणाली. ‘तुम्ही’ धुक्यातच कुठेतरी गळून पडलं होतं.

“तुमच्यामुळे—”

“तुझ्यामुळे म्हण.”

“...तुझ्यामुळे.”

साहेब, तो कागद तुमच्या टेबलावर आहे. दोन्ही चाव्याही तिथेच आहेत. खिडकीपाशी ती दोघं हात धरून उभी आहेत आणि खाली आवारात दोन्ही गाड्या धडधडताहेत. उतरा खाली, बॉनेट उघडा आणि सांगा — मेलंय नक्की कोण?