निनादचं वळण

सातोळीच्या रानात हल्ली वाटा बांधत नाहीत, रुजवतात. पावसाआधी मातीत धागवीण पेरायची, म्हणजे कवकाच्या तंतूंचं केसाहून बारीक जाळं, आणि मग माणसांना जाऊ द्यायचं. दाब पडला की ही वीण आकसते, माती घट्ट धरते. कुणी फिरकेनासं झालं की सैल पडते, आणि दोन पावसाळ्यांत रान आपली जागा परत घेतं.

पूर्वी असं नव्हतं. केतकी राऊळच्या नवऱ्याने, निनादने, कुदळ-फावड्याने सायकलवाटा काढल्या होत्या. "पाण्याशी भांडायचं नाही गं," तो म्हणायचा, "त्याला वाट ओलांडू द्यायची, वाटेवरून धावू द्यायचं नाही." म्हणून तो वाटेला दरीकडे नखभर उतार ठेवी. तरी श्रावण सरेपर्यंत चाकांखाली चिखल व्हायचा, झाडांची मुळं उघडी पडायची. मग धागवीण आली. भर आषाढात आपली वाट ठणठणीत राहिलेली पाहून निनाद हात सोडून सायकल चालवत ओरडला होता. लगेच पडला, आणि पडल्या पडल्या हसत राहिला.

तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"काकी, काकांची वाट मिटत नाहीये," ओट्यावर टेकत डॉ. झोया मुजावर म्हणाली. धागवीण हाच तिचा अभ्यास होता. "वाट रानाला परत द्यायची म्हणून सायकली केव्हाच बंद केल्या. पण वीण सैल पडायच्या ऐवजी माजलीय. पाणी खाली मुरतच नाही. दरीकडच्या जांभळी वाळायला लागल्यात, भर पावसात."

"कुणी चोरून जात असेल."

"चाकाची खूणच नाही. आणि एवढी माजायला तिला मीठ लागतं, घामातलं. टायरमधून, चपलेतून ते मिळत नाही. मी तर गव्यांवर संशय घेतला होता."

केतकीने पाय हळूच पोटाशी ओढून घेतले.

निनाद गेल्यापासून ती रोज सकाळी अंघोळ करून त्याच वाटेने रानातल्या देवीला फुलं न्यायची. अनवाणी, तसा नेमच होता. बंदी चाकांना आहे, उघड्या पायाने रानाला काय दुखणार, असं तिला वाटे.

"मीच गं ती," ती म्हणाली. "गव्यांत काढलंस होय मला!"

झोयाला हसू आवरेना. केतकीही हसली.

"देवीकडे वरून दुसरी वाट आहे ना, काकी?"

"आहे. पण तिला ते वळण नाही." तिने पायाचा तळवा चोळला. "मोठ्या जांभळीपाशी त्याची सायकल आत कलायची. तिथली माती अजून तशीच आहे. पाय ठेवला की मीही तशीच कलते. कुणी कोपराला धरावं ना, तशी."

"ती जांभूळही वाळतेय," झोया म्हणाली. "दोन पावसाळे कुणीच जायचं नाही. मिटली का हे बघायलासुद्धा नाही. बघायला गेलात की ती पुन्हा धरणार."

"मग मला कळायचं कसं?"

"मातीत यंत्र पुरलंय. मी सांगेन."

"नको, सांगू नकोस. वाट अजून आहे म्हणालीस तर पाय थांबणार नाहीत. नाही म्हणालीस तर..." केतकीने वाक्य तिथेच सोडलं. "जांभूळ जगली, एवढंच सांग."

दुसऱ्या दिवशी ती परडी घेऊन निघाली, आणि सवयीने पाय जुन्या वाटेच्या तोंडाशी आले. बोटं मातीला टेकली मात्र, खालची वीण आकसली. ओळख पटल्यासारखी.

केतकीने पाय मागे घेतला. घरी येऊन तिने माळ्यावरून चपला काढल्या, धूळ झटकली, आणि वरच्या वाटेला लागली. तिथल्या मातीला तरी आपली चव लागू नये.