केतकीचा कोरडा ब्रश

माझी बायको शालन गेली, त्या दिवशी आम्ही घरभर तिचा हसरा फोटो शोधला. मिळाला नाही. प्रत्येक फोटोत तोंडावर पदर होता. तिच्या हिरड्या वाढून दातांवर चढल्या होत्या. हा आजार तिला आईकडून आला होता. आमच्या नातीला, केतकीलाही तो आहे. तिचे पुढचे दात निम्मे हिरडीखालीच आहेत.

पुढे काही दिवसांनी पाहिलं, तर केतकीचा ब्रश कोरडा. हिरड्या लाल, त्यातून रक्त येत होतं. सांगितलं नाही तरी दात घासणारी ही मुलगी.

"का गं?"

"मुद्दाम. टिंबाला विचारा."

टिंबा म्हणजे शालनला वेळेवर औषधं द्यायला मी बनवलेला यंत्रमानव. तो म्हणाला, "केतकीने विचारलं, आबा सांगतात त्या, हिरडीतले जास्तीचे धागे कापणाऱ्या कात्र्या कधी वाढतात. मी सांगितलं, दाह (लाली, सूज, ठणका) झाला की."

"एवढंच सांगितलंस?"

"पुढचं तिने विचारलं नाही."

"चोंबडा!" केतकी म्हणाली. "आबा, मला आजीसारखं तोंड झाकायचं नाहीये."

मी तिला जवळ बसवलं. मग टिंबाच्या बोटातलं भिंग तिच्या हिरडीवर धरलं आणि आतलं चित्र भिंतीवर पाडलं.

"हे धागे बघ. हे कोलॅजन (हिरडीला घट्ट ठेवणारं प्रथिन). काही पेशी ते विणतात. जुने धागे विकरं (शरीरातली कामं घडवणारी प्रथिनं) कापतात. त्याच आपल्या कात्र्या. तुझ्या हिरडीत विणणं जास्त आणि कापणं कमी, म्हणून ती वाढते."

"मग कात्र्या वाढल्या तर चांगलंच की!"

"दाहात काही कात्र्या वाढतात, पण त्या निवडून कापत नाहीत. दाताला हाडाशी बांधणारे धागेही कापतात. शिवाय दाहाचे निरोप विणणाऱ्या पेशींनाही जातात. त्या आणखी विणू शकतात."

केतकीने भिंतीवरच्या धाग्यांवर बोट ठेवलं.

"म्हणजे मागे कुंपण छाटायला शेळ्या सोडल्या होत्या तसं. त्यांनी आजीची जाई खाल्ली."

"हो."

"आणि कुंपण परत फुटलं. जाई नाही फुटली."

"अगदी तसंच."

"मग माझा दात हलेल?"

"अजून हललेला नाही. आजपासून दात घासलेस तर दाह उतरेल."

"आणि हिरडी?"

"सूज जाईल. वाढलेली हिरडी तशीच राहील. ती डॉक्टर कापतील. पुन्हा वाढूही शकते."

ती उठली आणि ब्रश ओला केला. टिंबा तिच्यामागे गेला. "आता पुढचं विचार," तो म्हणाला.

केतकी फेसाच्या तोंडाने हसली. हात तोंडाकडे गेला, पण त्यात ब्रश होता. तिचं हसणं तसंच दिसलं, वाढलेल्या हिरड्यांसकट. शालनचं असंच दिसलं असतं.

हल्ली ती रोज टिंबाला पुढचं विचारते. दोघांकडे उत्तर नसलं की माझ्याकडे येतात. दाह न होऊ देता, हव्या तेवढ्याच कात्र्या, हव्या त्याच जागी कशा चालवायच्या, हे मला अजून सापडलेलं नाही.