बाळंतिणीच्या खोलीचा पंखा

चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी. सोलापुरात थंडी फार टिकत नाही, पण त्या वर्षी सकाळी सायकलचं हँडल धरवत नव्हतं. मी तेव्हा वायरमन होतो. महादेवप्पा नावाच्या चादरीच्या व्यापाऱ्यानं घरात एक्झॉस्ट फॅन बसवायला बोलावलं होतं. पंखा कॅरिअरला बांधला, छिन्नी-हातोडा पिशवीत टाकला आणि दहाच्या सुमाराला त्यांच्या दारात पोचलो. जेवायला घरी येतो, असं बायकोला सांगून निघालो होतो.

काम मागच्या खोलीत होतं. बाळंतिणीची खोली म्हणत तिला. धाकटी सून रत्नम्माचे दिवस भरत आले होते, तिला आठवड्याभरात तिथं हलवणार होते. आत पाऊल टाकलं आणि कोंडल्यासारखं झालं. एक दार, बस्स. बोळाकडच्या भिंतीत खिडकीएवढा चौकोन नव्या विटांनी बुजवलेला.

"मालक, ही खिडकीच मोकळी करू या की," मी म्हणालो. "पंखा कशाला लागतोय?"

"खिडकीचं नाव काडू नको," महादेवप्पा म्हणाले. "शेगडीचा धूर भाईर गेला म्हंजे झालं. वरच्या अंगाला भोक पाड अन् पंखा बसव."

मी बोळातून शिडी लावली. ती धरायला नागूबाई आली. या घरातल्या बाळंतिणींना न्हाऊ घालणारी म्हातारी.

"खिडकी कुनी बुजवली ठावं हाय का?" ती खाली मान घालून पुटपुटली. "मालकानंच. थोरली सून शरणम्मा शेजारणीशी बोलत हुबी ऱ्हायाची, म्हनून. मागच्या थंडीत ती हितंच बाळंत झाली. तिला माहेर न्हवतं. आत दोन शेगड्या पेटवल्या, वारं लागू नये म्हनून दाराला भाईरनं कडी घातली. रातभर वरडत हुती... डोकं फुटतंय, दार उघडा. मालक म्हनले, नखरं हायत, कुनी उठू नका."

"मग?"

"सकाळी दोगंबी गार. ती अन् लेकरू."

कोळशाचा वायू दिसत नाही, पण माणूस मारतो. हे मला ठाऊक होतं. "आणि तुम्ही?" मी विचारलं.

शिडी हलली. "मी बी न्हाय उठले, बाबा..."

माझं डोकं तापलं. आमच्या वस्तीत माझी बायको पत्र्याच्या खोलीत बाळंत झाली होती. चारी बाजूंच्या फटींतून वारा यायचा. आम्ही त्याला शिव्या घालायचो, पण त्याच वाऱ्यानं माझी माणसं जगवली. आणि इथं ऐपतदार माणसानं विटा आणून वारा अडवला! छिन्नीवर हातोडा पडत होता, तो मी विटेवर मारत नव्हतो.

शेवटची वीट आत पडली आणि भोकातून गरम हवा माझ्या तोंडावर आली. खोलीत विस्तव नव्हता. तरी वास आला कोळशाचा, ओव्याच्या धुरीचा आणि आंबलेल्या दुधाचा. मी नागूबाईकडं पाहिलं. तिनं पदर नाकाला लावला होता.

पंखा बसवला, वायर जोडली, बटण दाबायला सांगितलं. पंखा नीट फिरला. मग महादेवप्पा स्वतः शेगडीत चार निखारे आणि मूठभर धुरी घालून आत गेले. धूर बाहेर पडतो का, त्यांना बघायचं होतं. मी शिडीवरच होतो. धूर पात्यांतून माझ्याकडं येऊ लागला.

तेवढ्यात वीज गेली. शेजारचा रेडिओ बंद पडला, पलीकडच्या यंत्रमागांची खडखड थांबली. पंखा मात्र थांबला नाही. तो मंद झाला आणि उलटा फिरू लागला. बाहेर निघालेला धूर माझ्या डोळ्यांदेखत आत ओढला जाऊ लागला.

आत दार लागल्याचा आवाज झाला.

"कोन हाय तितं? दार उघडा!" महादेवप्पा ओरडले.

आणि त्यांच्या आवाजाखाली दुसरा आवाज आला. बाईचा, दमलेला, कानडीत. "बागलु तेगी... बागलु तेगी..." दार उघड, दार उघड.

नागूबाई धावत घरात गेली. तिथून तिची हाक आली, "कडी उघडीच हाय! दार हलंना!"

खरं सांगतो, मी लगेच हललो नाही. आत तो माणूस खोकत होता, दारावर मुठी आपटत होता, आणि मी शिडीवर उभा राहून ऐकत होतो. शरणम्मानं रात्रभर मारल्या होत्या त्या मुठी. ऐक म्हणावं, थोडा वेळ ऐक. मग आपल्याच मनाची मला शिसारी आली. मी हातोडा उचलला आणि बुजवलेल्या खिडकीवर घाव घालत सुटलो. पंखा चौकटीसकट आत कोसळला. निम्मी खिडकी मोकळी झाली, तसं दार आपोआप उघडलं.

महादेवप्पांना अंगणात आणलं. ओठ निळे पडले होते. खोकला थांबल्यावर ते बोलले.

"ती माज्याकडं बघतच न्हवती... मांडीवर लेकरू घिऊन शेगडीत कोळसं घालत हुती. एक एक करून..."

आम्ही शेगडी पाहिली. चार निखाऱ्यांची शेगडी काठोकाठ भरून फुललेली होती.

रत्नम्मा इतका वेळ खांबाला धरून उभी होती. ती आत गेली, लुगड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आली.

"मामा, मी हितं बाळंत हुनार न्हाय. आत्ता माहेरी चालले, दुधनीला."

"तू..." महादेवप्पा उठायला गेले.

"तुमी बसा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण ते बसले. सासऱ्याला असं कुणी म्हणाल्याचं त्या घरानं पहिल्यांदा ऐकलं असेल. मी आणि नागूबाईनं तिला दुपारच्या गाडीत बसवून दिलं.

माहेरी तिला मुलगी झाली. पुढं नागूबाई तिला न्हाऊ घालायला दुधनीला जाऊन आली आणि माझ्या घरी येऊन टेकली.

तिनं सांगितलं, बाळंतपणाच्या पाचव्या दिवशी गारठा वाढला, म्हणून रत्नम्माच्या आईनं बाळंतिणीजवळ शेगडी ठेवली. दाराला आतून कडी, आत तिघीच. पहाटे रत्नम्माला जाग आली तर शेगडी जागेवर नव्हती. कडी होती तशी लागलेली. आईनं ती काढून दार उघडलं. शेगडी बाहेर अंगणात होती, निखाऱ्यांवर पाणी ओतलेलं.

"शरणम्मानं दुधनी कधी बघितलीबी न्हवती..." नागूबाई म्हणाली. मग माझ्या दाराकडं बघत हळूच बोलली, "अन् अंगणातल्या शेगडीपासनं खोलीच्या उंबऱ्यापत्तुर वल्ली पावलं उमटलेली. जायाची न्हवती रं ती... सगळी आत येनारी."