साफ्ताच्या शेगडीचा पत्रा

त्या पत्र्याला हात लावू नकोस, दानू. ऊब जातेय तर जाऊ दे, घोंगडी घे अंगावर. निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचतेय, दिसते ना? ती असेपर्यंत पत्रा आत ढकलून धुराडं बंद करायचं नाही. केलंस तर गॅस खोलीत कोंडतो. त्याला ना वास ना रंग, झोपलेला माणूस झोपेतच जातो. तोंड वाकडं करू नकोस. आपल्या सावीनला विचार. त्यानेच मला सांगितलंय, आणि तो थापा मारणारा माणूस नाही.

गेल्या फेब्रुवारीतला शुक्रवार. त्याच्या सासूला, साफ्ताला, जाऊन चाळीस दिवस होत होते. शनिवारी सकाळी कबरीवर प्रार्थना होती, म्हणून सावीन, त्याची बायको इलिंका आणि सहा महिन्यांची तिंका शहरातून साफ्ताच्या घरी आले होते. रात्री इलिंका उद्या प्रार्थनेनंतर वाटायचे गोड गहू शिजवायला शेजारी निघाली.

"निळी ज्योत जाईपर्यंत पत्रा ढकलू नकोस हं," ती दारातून म्हणाली.

"तुझ्या आईने कधी हात लावू दिला नाही त्याला. आता तू सुरू कर."

"तिचा धाकटा भाऊ त्यातच गेला, सावीन. पाळण्यात होता. थट्टा करू नकोस."

सावीनने शेगडी पेटवली ती मात्र अगदी रीतसर. पत्रा बाहेर ओढला, कागद जाळून धुराडं गरम केलं, मग ढलप्या, मग वाळलेली लाकडं. बाहेर थंडी अशी, की श्वास मिशीवर गोठत होता. लाकडांचे निखारे झाले तरी पोरीचे हात गारच. त्याला वाटलं, एवढी ऊब आभाळात कशाला सोडायची? त्याने पत्रा ढकलला. निखाऱ्यांवर निळी ज्योत अजून होती.

थोड्या वेळाने आवाज आला. खर्रर्र... पत्रा बाहेर आला होता.

सैल झाला असेल, म्हणून त्याने पुन्हा ढकलला. पाठ वळवली मात्र... खर्रर्र.

"सासूबाई," तो हसून म्हणाला, "आता तरी माझ्या हातात सोडा की."

हसला खरा, पण डोकं ठणकत होतं. कानशिलं उडत होती. तिसऱ्यांदा पत्रा ढकलला आणि त्याची मूठ धरूनच खुर्चीत बसला. डोळे मिटायला लागले. पोरीची कुरकुर थांबली होती. झोपली बिचारी, म्हणून त्याला बरं वाटलं...

मूठ हलली.

त्याने ओढली नव्हती. पलीकडून, धुराड्याच्या आतून, कोणीतरी पत्रा बाहेर ढकलत होतं. थांबत थांबत. म्हाताऱ्या माणसाच्या दमाने. सावीनने दोन्ही हात लावले, पाय भिंतीला टेकवला. तिकडचा जोर वाढला...

"मग, काका?"

गप्प ऐक.

पत्रा सगळाच्या सगळा निसटला आणि खणकन जमिनीवर पडला. त्या आवाजाने त्याचे डोळे नीट उघडले. त्याने पाळण्यात पाहिलं. तिंकाची मान लुळी पडली होती.

तेव्हा त्याला कळलं.

तो पोरीला घेऊन रांगत दारापर्यंत गेला. कडी सापडेना. सापडली. बर्फात गुडघ्यांवर बसून त्याने तिचं तोंड वाऱ्याकडे धरलं. काही नाही. गाल थोपटले. काही नाही...

मग ती रडली. इलिंका धावत आली ती तिच्या रडण्यानेच.

घराची दारं-खिडक्या सताड उघडी टाकून सगळे शेजारच्या घरी झोपले. झोपले कसले, पोरीकडे बघत बसले. रात्रभर बर्फ पडला. सकाळी सावीन पत्रा उचलायला गेला, तर जमिनीवर पत्रा नव्हता. घरभर शोधला. खोलीत शेगडी गार, धुराडं उघडं.

प्रार्थनेला उशीर होत होता, म्हणून तसेच कबरस्तानात गेले. ताज्या बर्फावर पावलाची एक खूण नाही, पाखराचीसुद्धा नाही. आणि साफ्ताच्या क्रुसापाशी तो पत्रा पडला होता, काजळीसकट. भोवतालचा बर्फ वितळून काळी माती दिसत होती.

इलिंकाने हातमोजा काढून त्याला हात लावला, आणि झटकन मागे घेतला.

पत्रा गरम होता.