निघताना काही बोलू नये

नंदकिशोरला नाद दोनच, एक पानाचा आणि दुसरा जुन्या दगडांचा. नोकरी बँकेत, बिऱ्हाड बोरिवलीला बाभईत. रविवार उजाडला की शबनम खांद्याला अडकवून स्वारी कुठल्यातरी गावठाणात भटकायला निघालीच. ऐंशी-एक्याऐंशी सालची, म्हणजे सात-आठ वर्षांमागची गोष्ट सांगतोय. वाचनालयाच्या रद्दीत त्याला सायक्लोस्टाइल केलेले दोन कागद सापडले. 'गोराई : आपलं आपण हिंडा.' लिहिणारे मार्तंड मास्तर वारून बरीच वर्षं झाली होती. बघायची ठिकाणं सात. कुठून वळायचं, किती पावलं चालायचं, सगळं मास्तरी टापटिपीनं लिहिलेलं. सातव्या ठिकाणासमोर मात्र शाईनं, हातानं एक ओळ होती, 'निघताना काही बोलू नये.'

"म्हातारा शेवटी खवटच!" नंदकिशोर हसून म्हणाला.

घरात बायकोला नववा महिना. मृणालिनीला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच. पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे ती मनातून पार धास्तावलेली.

"दिवेलागणीच्या आत या हं. एकटीला नको वाटतं मला."

"अगं, शेवटच्या बोटीच्या आधीच्या बोटीनं परत. जातो."

"अहो, जातो काय! अशा दिवसांत तरी येतो म्हणावं."

"येतो बाई, येतो!" असं म्हणून तो जिना उतरला.

खाडी ओलांडून गोराईला उतरला तेव्हा ऊन छान होतं. प्लेगच्या वर्षी उभारलेला पांढरा क्रूस पाहिला, फिरंग्यांच्या वेळची म्हणतात ती भिंत पाहिली, कागद वाचत वाचत सहाव्या ठिकाणी, दगडी विहिरीवर आला. चार वाजले असतील. कागदात पुढे सातवं ठिकाण लिहिलं होतं, 'विहिरीपासून एकशेदहा पावलं. शेवंतीचा ओटा. पाणी मिळेल.'

पाणी मिळालं. ओट्यावर हिरव्या लुगड्यातली एक बाई सुके बोंबील निवडत बसली होती. तिनं न विचारताच तांब्या पुढे केला. पाणी गार, पण किंचित खारट.

"घरी कोण?" तिनं मान खाली घालूनच विचारलं.

"बायको."

"कितवा?"

नंदकिशोर चपापला. आपण तर काहीच बोललो नाही! पण गावाकडच्या बायकांना सगळं बरोबर कळतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. "नववा भरत आलाय."

बाईचा हात बोंबलावर थांबला. "मग जागा झाली घरात," ती म्हणाली.

हे काही त्याला आवडलं नाही. तो उठला. आणि आपण मराठी माणसं! जन्माची सवय, ती कुठे जाणार? हात जोडून म्हणालाच, "बरंय बाई, येतो."

"ये," ती म्हणाली.

एकशेदहा पावलं तो मोजून चालला. विहीर काही आली नाही. समोर ओटा होता आणि ओट्यावर बाई बोंबील निवडत होती.

वळणच चुकलं असणार. तो दुसऱ्या बोळानं गेला, पुन्हा ओटा. कुंपण ओलांडून माडांतून गेला, शर्ट फाटला, पुन्हा तोच ओटा. मघापर्यंत कुठेतरी रेडिओ वाजत होता, कोंबड्या ओरडत होत्या. आता कसलाच आवाज नव्हता. सुक्या मासळीचा वास नाकातोंडात भरून राहिला. एवढ्यात खाडीकडून बोटीच्या इंजिनाची धडधड आली आणि लांब गेली. ती आधीची बोट. आता शेवटची तेवढी उरली. मृणालिनी खिडकीशी उभी असेल.

"बाई… मला सोडा हो. घरी बायको एकटी आहे."

"मी कुठे धरलंय?" बाई शांतपणे म्हणाली. "येतो म्हणालास… आलास."

तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. येतो म्हटलं म्हणून यावं लागतंय! मग उलटं म्हटलं तर? सकाळी मृणालिनीनं टोकलेलं आठवलं. पण अंधारायला लागलं होतं हो, आणि माणूस घाबरला की बुद्धी गहाण पडते. मास्तरांनी काहीच बोलू नये असं लिहिलं होतं, हे तो साफ विसरला.

"जातो!" तो ओरडला. "जातो मी, बाई!"

बाई पहिल्यांदाच उठून उभी राहिली. तिनं लुगड्याला हात पुसले.

"जा," ती म्हणाली. "मग… मी येते."

बोळाच्या टोकाला विहीर दिसली, तसा तो जीव घेऊन पळाला. शेवटची बोट सुटता सुटता त्यानं उडी मारली. बसल्यावर शबनम चाचपली तर कागद नव्हते. ओट्यावरच राहिले. राहू देत, बला टळली, असं म्हणून त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

घराचं दार मृणालिनीनंच उघडलं. तिला धडधाकट बघून त्याला रडूच आलं.

"हे काय, शर्ट कशानं फाटला? आणि त्या बाई कोण हो, हिरव्या लुगड्यातल्या? तुमचे कागद देऊन गेल्या आत्ता. पोटावरून हात फिरवला माझ्या. गार होता बाई हात…"

"काय… काय म्हणाली ती?"

"काही नाही. निघताना येते म्हणाल्या." आणि तिनं एकदम चौकट घट्ट धरली. "अहो… कळ आली."

पहाटे मुलगी झाली. सुखरूप. आता ती सात वर्षांची आहे, हुशार आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हात तेवढे बारा महिने गार. फक्त शाळेला निघताना मृणालिनी रोज कानीकपाळी ओरडते, "अगं, येते म्हणावं!" पोरगी दारात थांबते, बापाकडे बघून हसते, आणि काही न बोलता जिना उतरते.