ओहोटीची ढील

होडीचे दोर धुवायचे ते न्हाणीघरातल्या टबात, हा शूहेईचा शिरस्ता होता. खाऱ्या पाण्याने दोर काठीसारखे कडक होतात, म्हणून तो ते अधूनमधून घरी आणायचा, गोड्या पाण्यात भिजत घालायचा आणि मग सावलीत वाळवायचा.

"मग माणसांनी आंघोळ कधी करायची?" त्याची बायको चिझुरू विचारायची.

"दोरांची झाल्यावर," तो म्हणायचा.

उशिमादोच्या दगडी धक्क्याला बांधलेली ती लहानशी होडी रविवारी गळ टाकायला जाण्यापुरतीच होती. शरदातल्या एका रविवारी ती बेटांपलीकडे रिकामी तरंगताना सापडली. दोर पेटीत नीट वेटोळी घालून ठेवलेले होते. शूहेई नव्हता. कधीच सापडला नाही.

चेरीचा बहर ओसरला तेव्हा चिझुरूने ठरवलं, होडी विकायची आणि छोट्या लेकीला, नागीला, घेऊन त्सुयामाला, डोंगरातल्या माहेरी जायचं. नागी आता दुडुदुडु धावत होती आणि दार उघडं दिसलं की थेट धक्क्याकडे पळत होती.

"होडी गेली तर तो येणार कुठे?" सासूबाई, सुगिए, म्हणाल्या.

"आई, हिवाळा सरला."

"तुझा सरला असेल."

गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून चिझुरूने होडी धुतली आणि स्वतःच्या हाताने बांधली. दुपारी नागीला उदोनच्या शेवया भरवता भरवता तिला एकदम आठवलं. भरतीच्या वेळी तिने दोर आखूड बांधले होते. ढील ठेवलीच नव्हती. ओहोटीला तिथलं पाणी पुरुषभर उतरतं. होडी आता दोरांना लटकली असणार, नाहीतर खुंट्या उपटून निघाल्या असणार. पोरीला काखोटीला मारून ती धावत सुटली.

होडी खाली पाण्यावर निवांत बसली होती. चारही दोर हवे तेवढे सैल सोडलेले.

शेजारच्या होडीवर कानबेकाका कालवं घासत होते.

"काका, दोर तुम्ही सोडलेत?"

"मी? मला माझी चप्पल वाकून उचलवत नाही. तूच सोडलेस ना? झकास ढील दिलीयस. नवऱ्याने शिकवून ठेवलं म्हणायचं." बोलून गेल्यावर ते ओशाळले आणि उगाचच जोरजोरात घासू लागले.

गाठी पाण्यापासून बऱ्याच वर होत्या. तरी ओल्या होत्या, गार होत्या. नागीने एका गाठीवर तळवा ठेवला आणि खुदकन हसली. लपलेल्या माणसाने एकदम तोंड दाखवल्यावर हसावी, तशी.

होडी हिमेजीच्या एका गृहस्थाने घेतली. दोर त्याने आपले नवे आणले होते. ती दिसेनाशी झाली तरी सुगिए धक्क्यावरून हलल्या नाहीत. मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "दोर तरी टाकू नकोस."

चिझुरूने दोर टबात घातले. पाणी बदललं, बोट बुडवून चाखलं. खारट. पुन्हा बदललं. खारटच. शेवटी तिने नाद सोडला. व्हरांड्यात उन्हं सरकतील तसे दोर सावलीत हलवत, खडखडीत वाळेपर्यंत ठेवले आणि वेटोळी करून अंथरुणांच्या कपाटात, शूहेईच्या घडी केलेल्या गादीवर रचले.

दुसऱ्या दिवशी गादीची कड ओली होती. दोर नीट वाळलेच नसतील, तिने स्वतःची समजूत घातली. कपाटाचं सरकतं दार तिने लोटून घट्ट बंद केलं.

निघायच्या दिवशी सामान दाराशी येऊन पडलं होतं. गाडी संध्याकाळची. सुगिए स्वयंपाकघरात प्रवासासाठी भाताचे गोळे वळत होत्या. चिझुरू नागीला उठवायला आत गेली.

चटईवर दुपारचं ऊन होतं. नागी गाढ झोपली होती. तिच्या कमरेभोवती दोर होता.

गाठ न आवळणारी होती. दोर आणि अंगरखा यांच्यात चार बोटं सहज जातील एवढी जागा ठेवलेली. दोराचं दुसरं टोक चटईवरून कपाटाकडे गेलं होतं. सरकतं दार जरासं उघडं होतं. आत अंधार.

"आई," चिझुरूने हळूच हाक मारली, "नागीला तुम्ही बांधलंत?"

"काय म्हणतेस? माझे हात भातात आहेत."

नागीने झोपेत कूस बदलली. कपाटातून तेवढाच दोर सरकत बाहेर आला.

चिझुरू गुडघ्यांवर बसली.

"शूहेई, आम्हाला जाऊ दे," ती म्हणाली.

चटईला समुद्राचा वास येत होता.

तिने पोरीला अलगद उचललं. दाराकडे एक पाऊल टाकलं. दोर मागोमाग आला.

आणखी एक पाऊल. दोर आला.

उंबऱ्याशी तो ताणला गेला. नागीची झोप मोडणार नाही, इतक्या हळुवारपणे.