त्रेसष्टावा अहवाल

शनिवारी सकाळी साडेनऊला नमंगानच्या तंत्रशाळेत पेपर फुटल्याची बातमी आली, आणि दहा मिनिटांत तो कोणी फोडला हेही सगळ्यांना ठाऊक झालं. इतक्या झटपट सापडलेला चोर तुर्सुनोय ओपांना कधीच पसंत पडत नसे.

ओपा, म्हणजे ताई, ताश्कंदच्या परीक्षा मंडळाच्या; बुधवारी तोंडी परीक्षा घ्यायला आल्या त्या इथेच थांबल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी टपाल कचेरीत पत्रं निवडली होती आणि पन्नाशीत कॉम्प्युटर शिकल्या होत्या. पाकीट नुसतं हुंगून पाठवणाऱ्याने कांदा खाल्लाय की लसूण, हे त्या सांगत असं म्हणतात. कांद्याचं खोटं असेल. लसणाचं खरं आहे.

"हे बघा," शाळाप्रमुख रहमतिल्ला आका घाम पुसत म्हणाले. "शुक्रवार, सकाळी अकरा दहा. शोहिस्ताच्या नावाने चार उमेदवारांना ईमेल. सोबत पेपर. आणि खाली लिहिलंय, उत्तरं हवी असतील तर मला भेटा."

परीक्षा होती ईमेलचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांची. उमेदवारापुढे मुद्दाम बिघडवलेला सर्व्हर ठेवायचा, त्यात पाच बिघाड, आणि तीन तासांत अडलेली पत्रं वाहती करायची. कोणते पाच बिघाड, तेच या ईमेलमध्ये होतं.

"आणून कोणी दाखवलं?"

"मी, ओपा." दारात उभा असलेला बहरोम पुढे आला. चार उमेदवारांपैकी एक. केस तेल लावून चापून बसवलेले. "मी म्हटलं, अन्याय सहन करायचा नाही."

"काल अकरा वाजता आलेला अन्याय आज साडेनऊपर्यंत सहन केलास की रे."

बहरोमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आधी वाचून काढला," तो पुटपुटला.

"खरं बोललास. बस."

राखीव पेपर होता, त्यामुळे परीक्षा दोन वाजता व्हायचीच होती. प्रश्न शोहिस्ताचा होता. एकपर्यंत काही निघालं नाही तर उमेदवारांच्या यादीतून तिचं नाव कापलं जाणार होतं, आणि पुढची पाच वर्षं देशातल्या कुठल्याही परीक्षेला तिला बसता येणार नव्हतं.

"पेपर तुमच्या ईमेलच्या पेटीत कधी आला?"

"बुधवारी संध्याकाळी पाचला. माझ्याशिवाय कोणी उघडलेला नाही!"

"सर्व्हरच्या आतून कुणाचीही पेटी उघडता येते, आका. आतल्या किल्ल्या कोणाकडे?"

"दोघांकडेच. सोबिर डोमला, आमचे सर्व्हरवाले गुरुजी, आणि त्यांची मदतनीस शोहिस्ता. डोमला लग्नासाठी मर्गिलानला गेले होते, गुरुवार-शुक्रवार दोन्ही दिवस. दोनशे माणसांनी त्यांना नाचताना पाहिलंय. शुक्रवारी अकराला सर्व्हरच्या खोलीत शोहिस्ता एकटी होती."

"डोमला नाचतात?"

"वाईट नाचतात. म्हणून तर लक्षात राहिलं सगळ्यांच्या."

शोहिस्ता पुस्तकांच्या खोलीत बसली होती. सव्वीस वर्षांची, सडपातळ. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरायची वेळ आली होती.

"पाठवलंस?"

"नाही, ओपा."

"मग कोणी पाठवलं?"

"मला कळत नाही. डोमला इथे असते तर त्यांनी शोधून काढलं असतं." तिने नाक ओढलं. "आले का ते?"

"येतायत. तुझा पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. म्हणजे डोमलांना लागत नाही, ते आतूनच सगळं करू शकतात. पण ते..." ती बोलायची थांबली आणि एकदम भडकली. "तुम्ही त्यांच्याकडे बघूसुद्धा नका! तीन वर्षं एक पैसा न घेता शिकवलंय मला. माझी आई आजारी होती तेव्हा रोज सूप पाठवायचे."

"मी कुठे काय म्हटलं? सराव कसा करतेस, ते सांग."

"चाचणीची पत्रं पाठवते, तुमच्या मंडळाच्या यंत्राला. ते पहाटे उत्तर देतं ना, पत्र कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठल्या कुठल्या दारातून गेलं, त्याचा अहवाल. बुधवारी बासष्ट पाठवली."

"बासष्ट? मोजलीस?"

"वहीत प्रत्येकाची नोंद केलीय. डोमलांची शिस्त."

ओपांनी तिची वही घेतली, आणि तिची पेटीही उघडून घेतली.

सोबिर डोमला साडेअकराला आले. पांढरी दाढी, डोक्यावर चौकोनी टोपी, हातात मर्गिलानच्या लग्नातल्या नानांची चवड. बावीस वर्षं शाळेचा सर्व्हर त्यांनी एकट्याने ओढला होता. आता सरकारने नवा नियम काढला होता. ही परीक्षा पास झाल्याशिवाय सर्व्हरला हात लावायचा नाही, आणि जागा एकच, पहिल्या नंबराला. म्हणून डोमलाही उमेदवार होते. गुरू आणि शिष्या शेजारच्या खुर्च्यांवर बसणार, यावर चहाखान्यात गेले पंधरा दिवस चेष्टा चालली होती.

"पोरीने असं करावं!" डोमलांनी नान टेबलावर ठेवले. "पण ओपा, तिला पदरात घ्या. लहान आहे. पाच वर्षं फार झाली. एक वर्ष बाहेर ठेवा, बास."

"म्हणजे तिने केलं असं तुम्हाला वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? ईमेलवरचे शिक्के तेच सांगतायत. शुक्रवार, अकरा दहा, आमच्याच सर्व्हरमधून."

"तुम्ही बुधवारी कधी निघालात?"

"सहाला. तिची तोंडी परीक्षा होती, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तडक गाडीत बसलो."

"सर्व्हरच्या खोलीत डोकावला नाहीत?"

"नाही हो. गाडीवाला हॉर्न वाजवत होता."

"बरं. नान घ्या तुम्ही पण."

पाऊण वाजता ओपांनी सगळ्यांना प्रमुखांच्या खोलीत बोलावलं. शोहिस्ता डोमलांच्या शेजारी जाऊन बसली. तिथेच तिला धीर येत होता.

"टपालात एक गोष्ट शिकले," ओपा म्हणाल्या. "पत्राच्या शिक्क्यावर ते टपालात कधी पडलं तेवढंच असतं. लिहिलं कधी, ते शिक्का सांगत नाही. सर्व्हरला आधी हुकूम देऊन ठेवता येतो ना, बहरोम? अमुक दिवशी अमुक वाजता हे पत्र टाक म्हणून?"

"येतो. दोन ओळींचं काम आहे."

"म्हणजे शुक्रवारी अकराला कोण कुठे होतं, हा प्रश्नच चुकीचा. आपल्याला हवी हुकूम दिल्याची वेळ. ती त्या पत्रातून पुसलेली आहे, फार सफाईने. पण इतकी वाकडी वाट धरण्याआधी या धंद्यातला माणूस काय करतो?"

"चाचणी घेतो," शोहिस्ता लगेच म्हणाली. वर्गातच असल्यासारखी.

"मंडळाच्या यंत्राला एक पत्र टाकतो. पाच मिनिटांनी जा असा हुकूम देऊन. ते गेलेलं दिसलं, की निर्धास्त होतो आणि मागच्या सगळ्या नोंदी खोडून टाकतो. पोरी, तू बुधवारी बासष्ट पत्रं पाठवलीस. अहवाल किती आले?"

शोहिस्ताने ओपांच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. तिने मोजलेच नव्हते. ढिगात एखादा जास्त आला तर कोण बघतं?

"त्रेसष्ट," ओपा म्हणाल्या. "शेवटचं पत्र तुझ्या वहीत नाही. लिहिल्याची वेळ बुधवार, सहा बावन्न. टपालात पडल्याची, सहा सत्तावन्न. हुकूम सर्व्हरच्या आतून. त्या वेळी तू कुठे होतीस?"

"तुमच्यासमोर," ती पुटपुटली. "तोंडी परीक्षेत. साडेसातपर्यंत."

"तुझा फोन तांब्याच्या परातीत काढून ठेवलेला, आणि परात माझ्या मांडीपाशी. आतल्या किल्ल्या दोनच. एक माझ्यासमोर बसून घाबरत उत्तरं देत होती. डोमला, दुसरी कुठे होती?"

डोमलांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "यंत्राचं चुकलं असेल."

"यंत्राने चोख काम केलं. ज्याच्या नावाचं पत्र, त्यालाच अहवाल. बावीस वर्षं तुम्ही चाचण्या घेतल्यात, आणि बावीस वर्षं अहवाल तुमच्याच पेटीत आले. या वेळी पत्रावर तिचं नाव होतं, तेव्हा पहाटे तो तिच्याकडे गेला. खऱ्या पत्रातली वेळ तुम्ही पुसलीत. चाचणीच्या पत्रातली पुसायचं सुचलंच नाही. आणि सहाला गाडीत बसलो, असं तुम्ही मला सांगितलंत. गाडीवाल्याला मी फोन केला. तो म्हणाला, साडेसात."

रहमतिल्ला आका खुर्चीत हळूहळू खाली घसरले.

शोहिस्ता डोमलांकडे वळली. तिला अजून वाटत होतं की ते आता हसतील आणि ओपांची चूक दाखवतील. चुका ते फार गोड शब्दांत दाखवत.

"सराव परीक्षेत माझा दुसरा नंबर आला," डोमला जमिनीकडे बघत म्हणाले. "तुझा पहिला. अर्ध्या तासाच्या फरकाने, शोहिस्ता. या वयात मला कोण घेणार?"

"मला सांगायचं ना," ती म्हणाली. "मी बसलेच नसते."

"म्हणून तर सांगितलं नाही."

"त्यापेक्षा हे सोपं वाटलं?"

बहरोम पहिल्यांदाच, कोणी न सांगता, खोलीबाहेर गेला.

रहमतिल्ला आकांनी घसा खाकरला. "डोमलांची किल्ली रद्द करावी लागेल. आत्ताच. पण ते करणार कोण? किल्ल्या तर..."

शोहिस्ता उठली आणि प्रमुखांच्या कॉम्प्युटरसमोर बसली. सोबिर डोमलांचं नाव तिने सर्व्हरच्या यादीत सर्वांत वर पाहिलं. तिथे ते बावीस वर्षं होतं. तिने ते निवडलं. किल्लीबरोबर पेटीही बंद होते, आणि तेव्हा सर्व्हर एक प्रश्न विचारतो.

"डोमला," ती पडद्याकडेच बघत म्हणाली. "तुमची पत्रं यापुढे कुठे पाठवू?"

डोमलांना दुसरा पत्ता नव्हता. त्यांनी कधी काढलाच नव्हता.

"परत पाठव," ते म्हणाले. "ज्याची त्याला."

तिने तसं लिहिलं, डोळे पुसले आणि दोनला पाच कमी असताना परीक्षेच्या खोलीत गेली. डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे तिने पाठ केली, आणि राखीव पेपरातला पहिला बिघाड अकरा मिनिटांत काढला.